टोमॅटोतली साखर मोजणार कोण? मंत्रीमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

मागच्या हंगामात आमच्या तालुक्यातल्या सभेत तुम्ही म्हणाला होतात, करार मोडणाऱ्या कंपनीला सोडणार नाही. टाळ्या आम्हीच वाजवल्या. परवा, सॉस बनवणाऱ्या ज्या कंपनीशी माझा टोमॅटोचा करार आहे, तिच्या गेटवरून माझा भरलेला पिकअप परत आला. कारण काय, तर टोमॅटोत साखर कमी भरली. यंत्र त्यांचं, मोजणारा त्यांचा, आकडा आम्हाला तोंडी. रोपंही त्यांचीच, त्यांचे पैसे आधीच कापलेले. बाजार चढा होता तेव्हा याच वावरातल्या मालात साखर भरपूर होती बरं का!

माल पिंपळगावच्या बाजार समितीत नेला, निदान भाडं सुटावं म्हणून मिळेल त्या भावात दिला. तार-बांबू, औषधं, तोडणीची मजुरी, सगळं अंगावर. घरचं सोनं सोनाराकडे गहाण, पोराची फी थकलेली. तुम्हाला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो.

तुमचे लोक म्हणतात, दुसऱ्याला विका. दुसरा कोण? सॉससाठी आमच्या गावात गाडी पाठवणारी ही एकच कंपनी. बाजारातल्या ताकदीचा गैरवापर करू नये, असं 2002 च्या स्पर्धा कायद्यात लिहिलंय म्हणे. पण तक्रार ऐकणारा स्पर्धा आयोग दिल्लीत. पिकअप घेऊन तिकडे जाऊ का?

2019 साली गुजरातेत कंपनीच्या वाणाचा बटाटा लावला म्हणून चिप्सवाल्या पेप्सिकोनं शेतकऱ्यांवर कोटी-कोटीचे दावे ठोकले होते. बोंबाबोंब झाली तेव्हा मागे घेतले. म्हणजे कंपनीचं वाण आम्ही लावलं तर कोर्ट, आणि कंपनीनं आमचा माल नाकारला तर "बसून चर्चा करू".

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासातच आहे, गिऱ्हाइकाच्या टोमॅटोवरच्या रुपयातले 33 पैसे शेतकऱ्याचे. बाकीच्या 67 ची चौकशी कोण लावणार? 2025 मध्ये सॉसच्या बाटलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. अभिनंदन! माझ्या टोमॅटोच्या जाळीला (क्रेटला) त्यातलं काय मिळालं? 2023 मध्ये टोमॅटो महागला तर सरकारनं नेपाळहून आणला. पुढे तो मातीमोल झाला, आम्ही रस्त्यावर ओतला, तेव्हा कुठल्या देशाला फोन केलात? बियाणं त्यांचं, औषध त्यांचं, बाटली त्यांची, सरकारही त्यांचंच. आमचं काय, तर सातबारा आणि त्यावरचा बोजा.

गेटवर बाजार समितीचा माणूस आणि यंत्र बसवा. करार मराठीत द्यायला लावा. नाकारलेल्या मालाचं कारण सहीशिक्क्यानिशी मिळू द्या. एवढं होत नसेल तर पुढच्या सभेला टाळ्या वाजवायला माणसं कंपनीकडूनच मागवा.

आपला,
एक टोमॅटो उत्पादक,
ता. दिंडोरी, जि. नाशिक