मशीनला पैसा, माणसाला नाही

संपादक महोदय,

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी २२ वर्षं काम करतो आहे. गेल्या वर्षी आमचा सर्वांत हुशार सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर सुपरवायझर झाला. काल हातात माप घ्यायचा व्हर्नियर, आज हाताखाली बारा माणसं. प्रशिक्षण एका दिवसाचंही नाही. वरचे ओरडतात हेच त्यानं पाहिलेलं, तोही ओरडू लागला. एका पोरानं फिक्स्चरमध्ये, म्हणजे मशीनवर जॉब (घडवायचा भाग) पकडून ठेवणाऱ्या साच्यात, बदल सुचवला. सेटिंगचा वेळ ४० मिनिटांवरून २५ वर आला, पण त्याचं नाव कुणी घेतलं नाही. दिवाळीचा बोनस मिळताच पोरगा शेजारच्या कंपनीत गेला. नव्या मुलाचा हात बसेपर्यंत रिजेक्ट झालेल्या जॉबनी क्रेट भरत होते. तो तोटा कुठल्या वहीत लिहिला जातो?

टाटा स्टीलनं १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस लागू केला, कायद्याच्या कितीतरी आधी. व्यवस्थापक घडवायला टाटांचं केंद्र तर इथे पुण्यातच आहे. लहान कारखान्याला एकट्याला हे झेपत नाही, मान्य. मग एमआयडीसीतल्या दहा-बारा मालकांनी मिळून आपल्या सुपरवायझरांसाठी शनिवारचा वर्ग सुरू करावा. मी स्वतः शिकायलाही येईन, शिकवायलाही.

— एक वाचक, भोसरी