मासा विमानात चालत नाही, मग गाणे कसे चालते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्कँडिनेव्हियन राहणीमानाचे गोडवे गाणारा लेख वाचला. तेथील सायकली, ग्रंथालये, बाळंतपणानंतर बापालाही मिळणारी रजा आणि थेट नळाला तोंड लावून पिता येणारे पाणी यांविषयी लेखकाने जे लिहिले आहे ते खरे आहे आणि त्याबद्दल माझी काडीइतकीही तक्रार नाही. मात्र पानभर मजकुरात जेवण आणि गाणी या दोन विषयांवर चकार शब्द नाही, हे सहज घडले असेल असे मला वाटत नाही. माझा मुलगा मोटारींच्या व्यवसायातील नोकरीनिमित्त स्वीडनमधील गोथेनबर्गला असतो. त्याच्याकडे राहून आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या पंगतीला बसून माझी जी मते झाली आहेत, ती आपल्या वाचकांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम गोळी. नातीने प्रेमाने हातावर ठेवलेली, शंकरपाळ्याच्या आकाराची ही काळी गोळी तोंडात टाकताच क्षणभर ज्येष्ठमधासारखी लागते, कारण ती ज्येष्ठमधाचीच असते. पाठोपाठ जिभेवर जो झणका येतो तो अमोनियम क्लोराइडचा, म्हणजे आपल्या नवसागराचा. ज्यांनी दारात कल्हईवाला बसलेला पाहिला आहे, त्यांना तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडताच उठणारा पांढरा धूर आणि नाकाडोळ्यांतून वाहणारे पाणी आठवत असेल. आपण नवसागराने भांडे स्वच्छ करतो, त्यावर कथील फिरवतो आणि मग त्या भांड्यात काहीतरी खाण्याजोगे शिजवतो. ही मंडळी मधल्या सर्व पायऱ्या गाळून थेट नवसागरच खातात. खोकल्याच्या औषधातही तो असतो हे मला ठाऊक आहे, परंतु खोकला नसताना, पैसे मोजून, पिशवी भरभरून ते औषध खाणारा समाज माझ्या पाहण्यात दुसरा नाही. स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या फक्त शनिवारी देण्याची रीत आहे. तिकडचे पालक हे दातांच्या काळजीपोटी करतो असे सांगतात. मला मात्र आठवड्यातले सहा दिवस मुलांना दिलेली ती सूट वाटते.

आता मासा. सुर्स्त्रोमिंग नावाचा प्रकार आपल्या काही वाचकांनी चलचित्रांत पाहिला असेल. बाल्टिक समुद्रातील हेरिंग वसंत ऋतूत पकडायचा, त्याला कुजणार नाही इतपतच मीठ लावायचे, पिंपात आंबवायचा आणि मग डब्यात भरायचा. आंबण्याची क्रिया डब्यातही थांबत नाही, त्यामुळे झाकण घुमटासारखे वर येते. नव्या हंगामाचे डबे ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात आणण्याचा रिवाज आहे. शेजाऱ्यांनी तो डबा अंगणात, पाण्याच्या बादलीत बुडवून उघडला, तरीही बुडबुड्यांबरोबर जे काही वर आले त्याने अंगणातले संभाषण काही वेळ थांबले. सुकट आणि बोंबील भाजले म्हणून सोसायटीच्या सभेत तक्रार करणाऱ्या आपल्याकडील सभासदांना एकदा त्या अंगणात उभे करावे, असे मला मनापासून वाटून गेले. न्यायाने सांगायचे तर, पातळ, मऊ भाकरीत उकडलेला बटाटा आणि चिरलेला कांदा यांच्यासह गुंडाळल्यावर तो मासा वासाच्या मानाने बराच सुसह्य लागतो. फक्त तोंडापर्यंत नेताना तो नाकावरून न्यावा लागतो, एवढीच अडचण.

नाताळच्या सुमारास नॉर्वे आणि स्वीडनमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या ल्युटफिस्कबद्दल थोडक्यात लिहितो. उघड्यावर वाळवून लाकडासारखा कडक केलेला मासा आधी पाण्यात, मग साबणासाठी वापरतात त्या जातीच्या दाहक क्षारात आणि मग तो क्षार निघून जाण्यासाठी पुन्हा कित्येक दिवस पाण्यात ठेवतात. अखेर ताटात थरथरणारी जेली येते. तिला चांदीचा चमचा लावू नये, चांदी काळी पडते, असे यजमानीणबाई स्वतःच सांगतात. जी वस्तू चांदीला सोसत नाही ती पाहुण्यांच्या जठराला सोसेल, हा विश्वास त्यांना कोठून येतो हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

केळ्याविषयीची माझी तक्रार जळगावकरांच्या वतीनेही आहे. स्वीडनमध्ये पिझ्झावर केळ्याच्या चकत्या घालून वर ‘करी’ या नावाची पिवळी पूड भुरभुरतात. तेवढ्याने समाधान होईना म्हणून 1976 साली एका गृहस्थाने कोंबडी, केळी, साय, मिरचीचे गोड सॉस, खारे शेंगदाणे आणि डुकराचे मांस एकाच भांड्यात भाजून ‘उडता याकोब’ नावाची पाककृती एका मासिकात छापून आणली, आणि ती घरोघरी रुळली. पंगतीत माझ्याकडे पाहून यजमान म्हणाले, ‘तुमच्या ओळखीचे काहीतरी मुद्दाम केले आहे.’ मी शेंगदाणे ओळखले.

नॉर्वेचे तपकिरी चीज मात्र मला आवडले, आणि ते मी लपवत नाही. चीज करताना उरलेले पाणी, दूध आणि साय एकत्र आटवत नेल्यावर जो खरपूस गोडवा येतो, तो बासुंदीच्या कढईशी वाढलेल्या माणसाला परका वाटत नाही. परंतु या एकुलत्या एका चांगल्या पदार्थानेही 2013 च्या जानेवारीत उत्तर नॉर्वेतील एका बोगद्यात, सुमारे 27 टन माल घेऊन जाणाऱ्या ट्रकला आग लागल्यावर, कित्येक दिवस जळत राहून रस्ता बंद पाडला होता.

इतके सोसूनही अन्नाबाबत मी त्या देशांना क्षमा करतो, कारण ते अन्न बहुतांशी त्यांच्याच हद्दीत राहते आणि त्याला आवर घालणारे लोकही जगात आहेत. 2006 साली दोन मोठ्या युरोपीय विमान कंपन्यांनी सुर्स्त्रोमिंगचे फुगलेले डबे विमानात नेण्यास बंदी केली. जर्मनीत 1981 मध्ये एका भाडेकरूने या माशाचे पाणी इमारतीच्या जिन्यात शिंपडले म्हणून मालकाने त्याला तडकाफडकी बाहेर काढले. प्रकरण कोर्टात गेले तेव्हा मालकाच्या बाजूने तेथेच एक डबा उघडून दाखवण्यात आला आणि न्यायालयाने मालकाचे म्हणणे मान्य केले. गाण्यांच्या बाबतीत असा दिलासा कोठे आहे? डेन्मार्कच्या अक्वा या चमूने 1997 साली एका प्लास्टिकच्या बाहुलीवर गाणे काढले, बाहुलीच्या कंपनीने अमेरिकेत खटला भरला, आणि 2002 मध्ये तेथील अपील न्यायालयाने गाण्याच्या बाजूने निकाल देऊन उभय पक्षांना डोके थंड ठेवण्याचा सल्ला दिला. मासा हरला आणि गाणे जिंकले, ही माझी खरी तक्रार आहे.

या गाण्यांची लागण आपल्याकडे आजची नाही. आबा या स्वीडिश चमूने 1974 मध्ये ब्रायटन येथे युरोव्हिजन ही युरोपीय देशांची गाण्यांची स्पर्धा जिंकली, आणि 1977 साली आम्ही मिरजेच्या चित्रपटगृहात राहुलदेव बर्मन यांच्या ‘मिल गया हम को साथी’वर शिट्ट्या मारत होतो, तेव्हा आपण आबाच्या ‘मम्मा मिया’वर शिट्ट्या मारत आहोत याची आम्हाला गंधवार्ता नव्हती. पुढे तर ओळख पटवणेच अशक्य झाले. 1998 साली ब्रिटनी स्पिअर्सला जगभर नेणारे गाणे लिहिणारा मॅक्स मार्टिन हा स्टॉकहोमचा. अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्याची वीसहून अधिक गाणी पहिल्या क्रमांकावर गेलेली आहेत. म्हणजे अमेरिकन म्हणून ऐकावे तेही यांचेच निघते. त्याच 1998 मध्ये एका स्वीडिश गायकाने डॉक्टर बॉम्बे हे नाव घेऊन, कोलकात्याच्या टॅक्सीचालकाचे सोंग आणून, ‘राइस अँड करी’ नावाचा अल्बम काढला. केळ्यावर भुरभुरलेल्या पिवळ्या पुडीचा हाच सांगीतिक अवतार. 2013 मध्ये नॉर्वेच्या दोन भावांनी कोल्हा कसा ओरडतो यावर गाणे केले. ते मुद्दाम पडावे म्हणून केले होते, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे, आणि तरीही ते जगभर चालले. या देशांत पडेल गाणे करण्याची सोयच उरलेली नाही.

याचे कारण मी चौकशी करून शोधले. स्वीडनच्या नगरपालिका मुलांसाठी संगीतशाळा चालवतात आणि अत्यल्प शुल्कात वाद्ये शिकवतात. मॅक्स मार्टिनही आपल्या यशाचे श्रेय सरकारी संगीतशिक्षणाला देतो. सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या गावात राहणाऱ्या माणसाने अशा योजनेला नावे ठेवणे शोभत नाही. परंतु इतक्या शिक्षणानंतर काळी एकच्या पट्टीत निमूट चाललेले गाणे शेवटच्या ध्रुपदाला कोणतेही कारण नसताना वरच्या काळी दोनच्या पट्टीत का उचलावे, आणि फेब्रुवारी-मार्चमधील शनिवारच्या रात्री युरोव्हिजनसाठी स्वीडनचे गाणे निवडणाऱ्या स्पर्धेपुढे आख्ख्या कुटुंबाने दूरदर्शनसमोर बसून त्या उडीला टाळ्या का वाजवाव्यात, हे मला कोणी समजावून सांगू शकलेले नाही. सर्वांत वाईट म्हणजे ही गाणी डोक्यातून जात नाहीत. माशाचा वास दोन धुण्यांत सदऱ्यातून गेला. कोल्ह्याचे गाणे पहाटे पूजेला बसलो की अजूनही येते.

म्हणून माझी मागणी इतकीच आहे, की जे नियम माशाला तेच गाण्याला लावावेत. नवे गाणे ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारपूर्वी बाजारात येऊ नये, ते मोकळ्या अंगणात वाऱ्याची दिशा पाहून लावावे, जिन्यात वाजवणाऱ्या भाडेकरूला घर सोडायला लावावे, आणि विमानात तर ते कोणत्याही परिस्थितीत नेऊ देऊ नये. आपल्या पुरवणीचे लेखक तिकडच्या अधिकाऱ्यांच्या परिचयाचे दिसतात. त्यांनी हे म्हणणे योग्य ठिकाणी पोहोचवावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज