इच्छाशक्ती कुठल्या मेडिकलमध्ये मिळते?

मा. संपादक,

कालच्या अंकातला धूम्रपान सोडण्यावरचा डॉक्टरांचा लेख वाचला. छान आहे. 'इच्छाशक्ती' हा शब्द त्यात सात वेळा आलाय. मोजला.

मी एकतीस वर्षे यंत्रमागावर आहे. डोळा उघडला की चूळ भरायच्या आधी विडी. गेल्या दिवाळीनंतर सोडायचीच म्हणून एका दवाखान्यात गेलो. दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम लिहून मिळाला. कसा खायचा ते डॉक्टरांनी सांगितले नाही, दुकानदारानेही नाही. मी आपला पानासारखा चावून रस गिळत बसलो. उचक्या, जळजळ, बायकोची बोलणी. गम थोडा चावून गालात दाबून ठेवायचा, चहावर लगेच खायचा नाही, हे नंतर सरकारच्या १८००-११-२३५६ या फोनवर कळले. पंधरा दिवसांनी परत गेलो. म्हटले, साहेब, वीस विड्यांवरून चौदावर आलोय, पुढे काय? ते म्हणाले, 'तुमच्यात इच्छाशक्तीच नाही.' फी पूर्ण घेतली.

बायकोचे बीपी एका गोळीने उतरले नाही, तेव्हा याच डॉक्टरांनी आधी डोस वाढवला, मग दुसरी गोळी जोडली. तिची इच्छाशक्ती कुणी काढली नाही! उठल्यावर अर्ध्या तासात विडी लागते त्याला चार मिलिग्रॅमचा गम देतात, कातडीवर निकोटिनचा पॅच लावून वर गमही देतात. चार मिलिग्रॅमला चिठ्ठी लागते. ती काय मी लिहू? मुलगी डी.फार्म. करते. तिने अमेरिकेच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरचा २०२४ चा अभ्यास वाचून दाखवला. व्हॅरेनिक्लिन ही सिगारेट सोडवायची गोळी घेऊनही सहा आठवड्यांत ज्यांची सिगारेट सुटली नाही, त्यांतल्या काहींचा डोस वाढवला, त्यांतल्या २० टक्के लोकांची सुटली. तोच डोस चालू ठेवलेल्यांत फक्त ३ टक्के. इच्छाशक्ती दोन्हीकडे सारखीच असणार की.

आणि हो, त्याच लेखाच्या मागच्या पानावर अर्धे पान भरून 'इलायची'ची जाहिरात होती. ती कंपनी इलायचीशिवाय काय विकते, ते आमच्या गल्लीतले शाळकरी पोरगेही सांगेल. माझी बायको विड्या वळते, तेव्हा मी हे बोलू नये म्हणाल. बरोबर आहे. हजार विड्या वळल्याशिवाय आमची चूल पेटत नाही. तुमचेही तसेच असेल तर एकदा छापून टाका, आम्ही समजून घेऊ.

– एक यंत्रमाग कामगार, जुना विडी घरकुल, सोलापूर