काकू, तुमच्यामुळे त्या कागदावरचा शब्द बदलला

काकू,

नाव घालू नको असं बजावलंत म्हणून नुसतं काकू लिहितोय, पण न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळात निम्म्या लोकांना कळेलच. फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदललात, म्हणून हे असं उघड लिहितोय. आणि दुसरं कारण म्हणजे अमेरिकन आर्मीतून माझ्यासारखाच जनरल डिस्चार्जचा (म्हणजे पूर्ण सन्मानाच्या "ऑनरेबल"पेक्षा खालच्या दर्जाचा) कागद घेऊन बाहेर पडलेला अजून कोणी आपला पोरगा असेल तर त्याला कळू दे, कारण मला आठ वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

२०२१ चा गणपती होता. मी खुर्च्या लावत होतो, ढोल सुरू झाले आणि मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन गाडीला टेकून उभा राहिलो, घाम फुटलेला, हात थरथरत होते. तुम्ही पाण्याची बाटली घेऊन मागून आलात. काय होतंय विचारलंत, मी म्हणलं काही नाही, आवाजाचा त्रास होतो, आर्मीत होतो. हे ऐकल्यावर लोक सहसा "अरे वा" म्हणतात. तुम्ही थोडा वेळ थांबून विचारलंत, "डिस्चार्ज कुठला मिळाला तुला?"

काकू, हा प्रश्न मला तोपर्यंत एकाही माणसाने विचारला नव्हता आणि मी स्वतः तर तो कुणाला विचारूच देत नव्हतो. घरी साताऱ्याला सांगितलं होतं कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून आलो. आमचं गाव मिलिटरी अपशिंग्यापासून लांब नाही, आमच्याकडे घरटी नाही म्हणलं तरी भावकीत एक तरी फौजी असतोच. आमचे आबा मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यांचं डिस्चार्ज बुक पत्र्याच्या ट्रंकेत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं असायचं, त्यात कॅरेक्टरच्या पुढे "एक्झेम्प्लरी" लिहिलंय, आम्हा पोरांना इंग्रजी वाचायला शिकवताना ते तो शब्द बोट ठेवून वाचायला लावायचे. त्या घरातला मी, आणि माझ्या कागदावर काय होतं तर कारणाच्या रकान्यात "मिसकंडक्ट (ड्रग अब्यूज)", म्हणजे नशेचं गैरवर्तन.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी एमएस करायला आलो, २००९ ला मंदीत नोकऱ्या नव्हत्या, तेव्हा मॅव्हनी नावाची योजना नुकतीच सुरू झालेली, ग्रीन कार्ड नसलेल्यांनाही भाषा किंवा डॉक्टरकी येत असेल तर भरती व्हायला मिळायचं आणि बदल्यात सिटिझनशिप. मी सही केली. २०१० ला फोर्ट जॅक्सनला बेसिक ट्रेनिंग संपतानाच शपथ घेतली, सिटिझन झालो. काम ट्रक चालवायचं. २०११-१२ ला कंदाहार, स्पिन बोल्दकच्या रस्त्यावर कॉन्व्हॉय. एके सकाळी आमच्या पुढची गाडी आयईडीवर, म्हणजे रस्त्यात पेरलेल्या बॉम्बवर, गेली, आमच्या गाडीलाही झटका बसला, माझं डोकं दाराच्या फ्रेमवर आपटलं. रक्त नाही काही नाही. त्या दिवसापासून झोप गेली.

परत आल्यावर बेसवर दाखवलं, गोळ्या दिल्या, बरं नाही वाटलं तर परत या म्हणाले. मी परत गेलो नाही, कारण परत जाणाऱ्याकडे प्लाटूनमध्ये कसं बघतात ते मला माहीत होतं. एका मित्राने गांजा दिला, त्या रात्री मी सलग पाच तास झोपलो. मग रोज. मग २०१३ मध्ये एक दिवस पहाटे सगळ्यांना रांगेत उभं करून युरिन टेस्ट, आणि मी पॉझिटिव्ह. आर्टिकल १५ झालं, म्हणजे कोर्टाशिवाय कमांडरने दिलेली शिक्षा, रँक गेली, दोन महिने अर्धा पगार कापला, ४५ दिवस जादा ड्युटी, आणि त्यानंतर घरी पाठवायचा कागद. सहा वर्षांच्या आत नोकरी असली आणि डिस्चार्ज जनरलच द्यायचा असला तर काढण्याआधी बोर्डापुढे बाजू मांडायचा हक्क मिळत नाही, हेही मला तुमच्याकडूनच कळलं, तेव्हा मी नुसता खुणा केलेल्या जागी सह्या करत गेलो. चूक माझी होती, ते मी तेव्हाही मानलं आणि आजही मानतो.

निघताना युनिटमधल्या एकाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, काळजी करू नको, सहा महिन्यांनी आपोआप ऑनरेबल होतं. मी सहा महिने वाट बघितली. मग वर्ष. काकू, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात, म्हणालात प्रत्येक पोराला कुणीतरी हेच सांगितलेलं असतं आणि आपोआप काहीच होत नाही, अर्ज करावाच लागतो. वाचणाऱ्यांनो हे नीट लक्षात ठेवा. डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे डीडी २९३ हा फॉर्म, तोही डिस्चार्ज झाल्यापासून १५ वर्षांच्या आत. १५ उलटली तर मग रेकॉर्ड दुरुस्त करणारं दुसरं बोर्ड, त्याचा फॉर्म डीडी १४९. आणि अर्ज केला म्हणून रिव्ह्यू बोर्ड आहे त्यापेक्षा वाईट डिस्चार्ज देऊ शकत नाही, मला ती भीती फार होती.

जनरल डिस्चार्जवर जीआय बिल मिळत नाही, म्हणजे ज्या कॉलेजच्या पैशांसाठी बरीच पोरं भरती होतात तेच जातं. पण व्हीएचा, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचा, दवाखाना मिळतो! मी आठ वर्षं गेलोच नाही, मला वाटायचं आपल्याला तिथे दारात उभं करणार नाहीत. तुम्ही पुढच्याच आठवड्यात गाडीत घालून नेलंत. २०२२ मध्ये तिथल्या डॉक्टरने पीटीएसडी (भयानक अनुभवानंतर मनावर राहणारा आजार) आणि डोक्याला बसलेल्या जुन्या माराचं निदान लेखी दिलं.

तुमचं ते स्वयंपाकघरातलं टेबल मी विसरणार नाही. तुम्ही वर्षानुवर्षं वकिलांच्या ऑफिसात काढलेली आणि रिटायर झाल्यावर व्हेटरन्सना फुकट मदत करणाऱ्या क्लिनिकात जाणारी, तुम्हाला कागदाची सवय, मला धडकी. सेंट लुईसच्या सरकारी दफ्तरातून माझं सगळं फौजेतलं रेकॉर्ड मागवलंत, ते आलं तेव्हा पोळपाट बाजूला सरकवून पानं पसरलीत, चष्मा कपाळावर, एकेक पान खिडकीकडे धरून बघायचात. दुपारी चार वाजता तुम्ही "हे बघ" म्हणालात. स्कॅन इतका पुसट की मला काही दिसेना. मेडिकची हाताने लिहिलेली दीड ओळ, डोकं दुखतं, झोप नाही, ब्लास्टनंतर, आणि तारीख युरिन टेस्टच्या कितीतरी महिने आधीची. तुम्ही त्या पानाला पिवळी चिठ्ठी लावलीत आणि चहा टाकायला उठलात, मी तसाच बसून राहिलो. मी स्वतःसुद्धा मधल्या वर्षांत मानायला लागलो होतो की तो मार वगैरे मी नंतर मनाने जोडलेलं निमित्त आहे.

मग कालनिर्णयच्या जुन्या पानामागे तुम्ही चार प्रश्न लिहिलेत. २०१७ च्या सरकारी सूचनेत बोर्डाला हेच चार बघायला सांगितलेत. याला असा काही आजार किंवा अनुभव होता का ज्यामुळे चूक समजून घेता येईल? तो नोकरीत असतानाच होता का? त्या आजाराचा या चुकीशी खरंच संबंध लागतो का? आणि लागत असेल तर तो त्या डिस्चार्जपेक्षा जड भरतो का? दुसऱ्या प्रश्नाखाली तुम्ही दोन रेघा मारल्यात आणि म्हणालात याचं उत्तर मघाशी सापडलं.

माझं निवेदन मात्र जमेना. पहिल्यांदा लिहिलं त्यात मी सगळ्यांना दोष दिला. दुसऱ्यांदा लिहिलं त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत माफीच. तुम्ही दोन्ही वाचून बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, इंग्रजी सोड, मराठीत लिही, आईला सांगतोयस असं लिही. मी म्हणलं आईलाच तर सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात म्हणूनच. त्या रात्री पहिलं वाक्य आलं, "आई, मला झोप येत नव्हती." पुढची चार पानं मी न थांबता लिहिली, पुढच्या गाडीतल्या पोराचं नावही पहिल्यांदा लिहिलं. तुम्ही त्याचं इंग्रजी केलंत आणि एकही शब्द जास्त घातला नाहीत.

पहिल्या वेळी नुसतं रेकॉर्ड बघून बोर्डाने नाही म्हणलं. ते पत्र हातात धरून मी तुमच्या दारात आलो, सोडून देऊ म्हणलं. तुम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं, आधी रेकॉर्ड रिव्ह्यू आणि नाही झालं तर सुनावणी, म्हणजे दोन संधी, थेट सुनावणी मागितली असती तर एकच उरली असती. सुनावणी २०२४ ला व्हिडिओवर झाली. पाच जणांचं बोर्ड, मी तुमच्या मुलाच्या खोलीत, क्लिनिकच्या वकीलबाई शेजारी, तुम्ही कॅमेऱ्याच्या बाहेर खुर्चीत. एकाने विचारलं आता गांजा घेता का, इथे तर कायद्याने चालतं. मी म्हणलं २०१४ पासून नाही. त्याने विचारलं मग झोपेचं काय करता? मी खरं ते सांगितलं, अजूनही काही रात्री येत नाही, तेव्हा उठून पोळ्या करतो.

नवीन डीडी २१४, म्हणजे डिस्चार्जचा तो कागद, आला तेव्हा फोनवर तुम्हीच मला रकाने वाचायला लावलेत. कॅरेक्टर ऑफ सर्व्हिस, ऑनरेबल. कारणात मिसकंडक्ट हा शब्द राहिलाय, पण पुढे "मायनर इन्फ्रॅक्शन्स", म्हणजे किरकोळ चुका, ड्रग हा शब्द गेला. तुम्ही विचारलंत वाईट वाटतंय का राहिलं त्याचं, मी म्हणलं नाही, ते माझंच आहे, ते असू दे.

जीआय बिल चालू झालंय, नर्सिंगची पहिली सेमिस्टर संपली. १ जानेवारी २०१३ पासून पुढे सुटलेल्यांना त्याला मुदत नाही, म्हणून इतक्या वर्षांनी पण मिळालं. आईला सगळं सांगितलं, ते मराठी निवेदनच वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली तेव्हा फोन का नाही केलास रे. आबा २०१६ ला गेले. अण्णांनी नव्या कागदाची झेरॉक्स त्यांच्या बुकाशेजारी त्याच ट्रंकेत ठेवलीय. आईने तुमच्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे पाठवलेत, रविवारी घेऊन येतो.

आणि परवा तुम्ही त्या तेलुगू पोराचं सांगत होतात, ज्याची १५ वर्षं भरायला पाचच महिने राहिलेत आणि जो फॉर्मला हातच लावत नाहीये. त्याला माझा नंबर द्या. रात्रीची शिफ्ट असली तरी उचलेन, नाहीतर मीच त्याच्याकडे जातो, फॉर्म आणि पेन घेऊन.

तुमचा,
खुर्च्या लावणारा