आईच्या गोळ्या आणि एक वही

ती. आई-बाबा,
नमस्कार.

आई, बाहेर जायचं असलं की वाटेत लघवी सुटेल या धास्तीने तू सकाळपासून पाणीच पीत नाहीस, हे बाबांकडून कळलं आणि जिवाला घोर लागला. नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या आसपास, आणि तू पाणी सोडतेस! पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशय चिडतं आणि घाई उलट वाढते. बद्धकोष्ठ झालं तर त्याचाही दाब तिथेच.

वय झालं, आता हे असंच चालणार, असं कृपा करून धरून बसू नका. फक्त हे एका डॉक्टरचं काम नाही. शिंकताना-खोकताना लघवी सुटते ती ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडल्यामुळे. त्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. अचानक घाई होऊन संडासापर्यंत पोचता येत नाही, ते मूत्राशयाचं दुखणं. तुला दोन्ही आहे. वर शुगर आहे, बीपीची लघवी वाढवणारी गोळी आहे. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या इतक्या चकरा झाल्या, पण एकाचा कागद दुसऱ्याने पाहिलाच नाही. ती बीपीची गोळी तू संध्याकाळी घेतेस, हे युरोलॉजिस्टना, म्हणजे लघवीच्या डॉक्टरांना, कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री वारंवार उठावं लागतं म्हणून त्यांनी आणखी एक गोळी लिहिली. गोळीची वेळ तुमच्या मनाने बदलू नका, पण फिजिशियनना हे नक्की विचारायचं.

बाबा, एक काम तुमच्याकडे. सलग 3 दिवस वहीत लिहा: चहा-पाणी किती वाजता, किती, लघवी कधी, मापाच्या भांड्यात किती भरली, कधी सुटली, तेव्हा आई काय करत होती. 'पहाटे 3.10, पलंगावरून उठली, दारापाशी सुटली,' इतकं साधं लिहिलं तरी पुरे. सगळे डॉक्टर हीच वही बघतील. लघवीची तपासणी आणि लघवी झाल्यावर आत किती उरते त्याची सोनोग्राफी, दोन्ही रिपोर्ट तिलाच जोडू.

स्नायूंचे ते व्यायाम साधारण दिवसातून 3 वेळा, दर वेळी निदान 8 दा, आणि 3 महिने नेटाने. योग्य स्नायू आवळला जातोय ना, हे आधी तपासून घ्यायचं. तोवर रात्री पॅसेजचा दिवा चालू असू द्या. घाईत आई पडली तर खुब्याचं मोडलेलं हाड सांभाळायची पाळी येईल, मला त्याचीच धास्ती जास्त आहे.

शुक्रवारी मी येतेय. आई, डॉक्टरांशी तूच बोल. संकोच वाटला तर वही पुढे कर. आणि गोळ्यांची पाकिटं फेकू नका, सगळी एका पिशवीत ठेवा.

तुमची लेक