मंत्रीमहोदय, एकदा जुलैत या

कर्नाटकात राहिलेल्या आमच्या सीमाभागातल्या नदीवरचे पूल ज्यांच्या अखत्यारीत येतात (येतात ना?) ते माननीय मंत्रीमहोदय, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात माझी थोरली बहीण पलीकडच्या गावात वारली. पुलावरून गेलं तर चार किलोमीटर. पण काळम्मावाडी धरणातून पाणी सोडलेलं, दूधगंगा फुगलेली, पूल तीन दिवस पाण्याखाली. तोंडाला बाभळीच्या फांद्या आणि एक होमगार्ड. वडापची जीप धरून हायवेनं वळसा घालून पोचेतोवर माती उरकली होती. आक्काचं तोंड बघायला मिळालं नाही. भाचा म्हणाला, "मामा, पावसात किती वेळ ठेवणार?" त्याचं तरी काय चुकलं?

इथं उंच पूल होणार म्हणून तुमच्याच माणसांनी नारळ फोडला होता. कोनशिलाही बसवली. पुराचं पाणी आलं की पुलाआधी तीच बुडते.

नातवानं मोबाईलवर उत्तर अटलांटिक समुद्रातली फेरो बेटं दाखवली. १८ बेटं, माणसं ५०-५५ हजार. आपल्या निपाणी शहराएवढीसुद्धा नाहीत! त्यांनी २०२० साली समुद्राच्या तळाखालून ११ किलोमीटरचा बोगदा काढला, आत गाड्या वळायला चक्क सर्कल. तोर्शहावनहून रुनाविकला ६४ मिनिटं लागायची, आता १६. २०२३ साली सँडोय बेटाला तेवढाच दुसरा, हजार-बाराशे वस्तीसाठी. तोवर वादळ आलं की बोट बंद, बेट जागच्या जागी. आता रात्री दोनला निघा, कोण अडवतंय? टोल द्यावा लागतो म्हणे. आम्हालाही लावा, देतो.

आम्ही बोगदा मागत नाही हो. चार पुरुष उंच पूल मागतो. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड. दर पावसाळ्यात पेपरात हीच नावं, तारीख तेवढी बदलतात. अर्ज केला तर पोच कन्नडमध्ये. वाचून घ्यायला कन्नड मास्तरांकडे गेलो, तर ते म्हणाले, माझाही अर्ज तिथंच पडलाय. महाराष्ट्राकडं बघावं तर तिकडं एकच उत्तर: तुमचं प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. आहेच, २००४ पासून. तोवर आम्ही पोहायला शिकायचं का?

आणि तुम्ही बेळगावला येता डिसेंबरात. सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन, हॉटेलं फुल्ल, गाड्यांचे ताफे. तेव्हा पूल कोरडा ठणठणीत असतो. बघणाऱ्याला वाटावं, काय वाईट आहे याच्यात?

एकदा जुलैत या. बाभळीच्या फांद्या मी स्वतः बाजूला करतो.

आपला,
सीमाभागातला एक मतदार