पापांची कबुली मोघम नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ जवळ आला की ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पाप आणि पश्चात्ताप या विषयांवर प्रवचने सुरू होतात आणि वृत्तपत्रांतूनही त्यावर लिहिले जाते. त्यात आदाम-हव्वेची कथा असते, वधस्तंभावरील बलिदानाचा अर्थ उलगडलेला असतो, आणि हे सारे योग्यच आहे. परंतु सोमवारी कामावर जाणाऱ्या आणि संध्याकाळी थकून घरी परतणाऱ्या विश्वासणाऱ्याने स्वतःच्या एका ठरावीक पापाचे नेमके काय करायचे, हा प्रश्न त्यात बहुधा अनुत्तरितच राहतो. त्याविषयी मला जे महत्त्वाचे वाटते ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

आपण सारे पापी आहोत, हे कोणताही ख्रिस्ती माणूस सहज मान्य करतो. रविवारच्या उपासनेत आपण एका सुरात तशी कबुलीही देतो. इंग्लंडमधील मंडळीने १५५२ साली आपल्या प्रार्थनाग्रंथात जी सामुदायिक पापकबुली घातली, तिच्यात ‘जे करायला हवे होते ते आम्ही केले नाही’ हे आधी येते आणि ‘जे करायला नको होते ते केले’ हे नंतर येते. हा क्रम मला फार विचारपूर्वक ठेवलेला वाटतो. मात्र सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना साहजिकच मोघम असते. तिच्यातील रिकामी जागा प्रत्येकाने आपापल्या मनात भरायची असते, आणि तिथेच आपण कमी पडतो. ‘मी पापी आहे’ असे म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत, कारण ते शेजारी बसलेल्यालाही तितकेच लागू असते. ‘सहकाऱ्याने केलेल्या कामाचे श्रेय मी वरिष्ठांसमोर स्वतःकडे घेतले’ हे वाक्य देवासमोर एकांतातसुद्धा उच्चारताना जीभ अडखळते. माझ्या मते पापावर मात करण्याची सुरुवात या अडखळण्यापासून होते आणि आपल्या मंडळ्यांमध्ये नेमका हाच टप्पा गाळला जातो.

जुन्या करारातील दावीद राजाची हकिकत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. आपण ती व्यभिचाराची आणि खुनाची कथा म्हणून ऐकतो; पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात सर्वांत जास्त जागा लपवाछपवीला दिलेली आहे. गच्चीवरून पाहणे, ती स्त्री कोण याची चौकशी करणे आणि तिला बोलावून घेणे हे काही वचनांतच संपते. त्यानंतर तिचा नवरा उरीया, जो दाविदाच्याच सैन्यात होता, त्याला रणांगणावरून घरी बोलावणे, तो घरी जात नाही असे पाहून त्याला दारू पाजणे आणि अखेरीस त्याच्या मृत्यूची आज्ञा असलेले पत्र त्याच्याच हाती सेनापती यवाबाकडे पाठवणे, हे सारे सावकाश सांगितले आहे. यातील प्रत्येक पायरीवर दावीद थांबू शकला असता. त्या काळात कोणी ‘तू पापी आहेस का’ असे विचारले असते तर त्याने ‘होय’ म्हटलेच असते, असे मला वाटते. नाथान संदेष्ट्याने तो प्रश्न विचारलाच नाही. गरीब माणसाची एकुलती एक कोकरी पळवणाऱ्या श्रीमंताची गोष्ट त्याने सांगितली, राजाला दुसऱ्याच्या पापाचा संताप येऊ दिला, आणि मग ‘तो मनुष्य तूच आहेस’ एवढेच सुनावून उरीयाचे नाव घेऊन काय घडले ते सांगितले. दाविदाची सुटका त्या नेमकेपणातून झाली.

पाप वाढते कसे, हे याकोबाने नव्या करारातील आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे: माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप पक्व झाले की ते मरणाला जन्म देते. म्हणजे मोह आणि पाप यांच्यात अंतर आहे. हे अंतर न कळल्यामुळे कित्येक हळव्या मनाच्या विश्वासणाऱ्यांचे फार नुकसान होते. मनात वाईट विचार आला, याचाच अर्थ आपण पडलो, असे ते धरून चालतात. आणि पडलोच आहोत तर आता पुढे जायला काय हरकत, असे म्हणून खरोखरच पुढे जातात. प्रभू येशूलाही अरण्यात मोह झाले आणि तरीही तो निष्पाप राहिला, हे आपण विसरतो. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहिलेल्या एवाग्रियस या संन्याशाने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती. (जॉन कॅसियन या संन्याशाने ती पश्चिमेकडे नेली आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिच्यात फेरफार केल्यावर सात प्रमुख पापांची परिचित यादी तयार झाली.) विचारांनी आपल्याला त्रास द्यावा की नाही हे आपल्या हाती नाही, पण त्यांनी आपल्या ठायी रेंगाळावे की नाही हे आपल्या हाती आहे, असे एवाग्रियसचे म्हणणे होते. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका एकांतवासी माणसाचे हे निरीक्षण रात्री उशिरापर्यंत हातात मोबाईल धरून बसणाऱ्यालाही तंतोतंत लागू पडते.

आपल्या रोजच्या जगण्यातील पापे दाविदासारखी उघडीवाघडी नसतात. ती बहुधा धार्मिक कपडे घालून येतात. प्रार्थनासभा संपल्यावर कोणी तरी खालच्या आवाजात म्हणते, ‘तिच्यासाठी प्रार्थना करा बरं का, घरात फार बिनसलंय.’ प्रार्थनेला एवढे पुरेसे असते. पण मग बिनसले कशावरून, कोण काय म्हणाले, माहेरी किती दिवस राहून आली, असे तीन-चार तपशील त्याच दमात सांगितले जातात, ऐकणारेही ‘अरेरे’ म्हणत थोडे जवळ सरकतात, आणि आठवडाभरात त्या घराची लक्तरे सगळ्या मंडळीत फिरतात. यात सामील झालेल्या एकालाही आपण पाप केले असे वाटत नाही. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात चहाडखोर व निंदक यांना खुनाच्या बरोबरीने एकाच यादीत बसवले आहे, हे मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो. मंडळीत गोड बोलणारा आणि घरात पाऊल टाकताच आवाज चढवणारा माणूस, सेवेचे काम दुसऱ्याला मिळाले म्हणून आजारी पडणारा सेवक, यांविषयीही असेच सांगता येईल.

येथे कोणी विचारील की, इतके खोलात शिरून स्वतःला तपासत बसणे म्हणजे कृपेवर अविश्वास दाखवणे नव्हे काय? हा प्रश्न गंभीर आहे. जे चांगले करावेसे वाटते ते आपल्या हातून होत नाही आणि जे नको असते तेच होते, अशी तळमळ पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात व्यक्त केली आहे. ही तळमळ विश्वास ठेवण्यापूर्वीच्या माणसाची की नंतरच्या, यावर शतकानुशतके वाद चालला आहे. प्राचीन मंडळीचे थोर धर्मशास्त्री ऑगस्टीन यांनीही पूर्वी एक अर्थ लावला आणि पुढे मत बदलून ती विश्वासणाऱ्याचीच असल्याचे म्हटले. मला स्वतःला त्यांचे नंतरचे मत पटते, कारण पाप ज्याला बोचते त्यालाच अशी तळमळ होऊ शकते. पण वाद कसाही सुटो, आठव्या अध्यायाचे पहिलेच वचन ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही असे सांगते. म्हणून विश्वासणारा पापाशी झगडतो तो क्षमा मिळवण्यासाठी नाही. क्षमा मिळालेली आहे म्हणूनच त्याला आपले पाप न घाबरता, नावानिशी पाहता येते. ज्याला घराबाहेर काढले जाण्याची भीती असते ते मूल फुटलेली वस्तू लपवते. ज्याला घर आपलेच आहे हे ठाऊक असते ते तुकडे घेऊन समोर येते. योहानाने पहिल्या पत्रात हेच जोडून सांगितले आहे: आपल्या ठायी पाप नाही असे म्हटले तर आपण स्वतःला फसवतो, आणि पापे पदरी घेतली तर देव विश्वासू व न्यायी आहे म्हणून क्षमा करतो.

पापे पदरी घेतल्यावर काय, याविषयी पवित्र शास्त्र आपल्यापेक्षा कितीतरी व्यवहारी आहे. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात फसवून घेतलेली वस्तू पूर्ण परत करून तिच्यावर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितले आहे, आणि तेही दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचे अर्पण, करण्याच्याच दिवशी. जक्कय या जकातदाराने प्रभूला घरी घेतल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे उभे राहून सांगितले. त्यावर प्रभूने ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ असे म्हटले. वेदीजवळ आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर दान तिथेच ठेवून आधी समेट कर, अशी प्रभूची आज्ञा आहे. आपण मात्र ज्याचे नुकसान केले त्याला ओलांडून थेट देवाची क्षमा मागतो आणि मन हलके झाले म्हणून समाधानी होतो. या संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. घरात किंवा मंडळीत मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा आर्थिक फसवणूक झाली असता पीडित व्यक्तीला ‘आता क्षमा कर’ म्हणून घाई करणे आणि प्रकरण आतल्या आत मिटवणे हा पश्चात्ताप नाही. जो खरोखर पश्चात्ताप करतो तो कायद्याने होणारी शिक्षाही स्वीकारतो, आणि जे पुढारी अशा गोष्टी झाकतात ते उरीयाच्या हाती पत्र देणाऱ्यांच्या बाजूला उभे असतात.

एकट्याने केलेली कबुली बहुतेकदा टिकत नाही. एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा, असे याकोब म्हणतो. पण प्रोटेस्टंट मंडळ्यांत हे वचन जवळजवळ वापरातून गेले आहे. रोमन कॅथलिक पंथात १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूजवळ पापकबुली देणे प्रत्येक जाणत्या विश्वासणाऱ्यासाठी बंधनकारक केले, आणि ऐकलेले गुप्त ठेवण्याचे बंधन धर्मगुरूवर घातले. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट सुधारकांनी ही सक्ती नाकारली, परंतु लूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासनाम्यात खासगी पापकबुली व क्षमाघोषणा मंडळ्यांनी राखावी असेच म्हटले आहे. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये आठवड्याला भेटणाऱ्या छोट्या गटांसाठी जे नियम लिहिले, त्यांत प्रत्येकाला विचारायचा पहिला प्रश्न असा होता: मागील भेटीनंतर तुझ्या हातून कोणते ज्ञात पाप घडले? असा प्रश्न विचारू शकेल असा एखादा तरी माणूस आपल्याजवळ असावा. तो तोंडाचा घट्ट असावा, स्वतःही मोहात पडू शकतो याची जाणीव ठेवणारा असावा, आणि सौम्यतेने ताळ्यावर आणणारा असावा. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाची हीच अट आहे. उपदेशाची हौस असणाऱ्याजवळ बोलण्यापेक्षा थोडे थांबलेले बरे.

पाप टाळण्याच्या उपायांबाबत मी दोनच गोष्टी लिहीन. देहवासना तृप्त करण्यासाठी तरतूद करू नका, असे पौल म्हणतो. मोह आल्यावर जोर लावण्यापेक्षा, तो कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी आणि कोणाच्या संगतीत येतो हे पाहून ती व्यवस्थाच मोडणे अधिक उपयोगी पडते. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणे, हिशेब दुसऱ्याच्या नजरेखालून घालणे, यात कमीपणा काहीच नाही. दुसरे म्हणजे रिकाम्या झालेल्या जागी काहीतरी यावे लागते. इफिसकरांस लिहिताना पौल चोराला चोरी सोडायला सांगून थांबत नाही. त्याने कष्ट करावेत आणि गरजवंताला देण्यास आपल्याजवळ काही असावे, असे तो सांगतो. निंदेची सवय असलेल्याने गप्प बसण्याइतकेच, ज्याची निंदा केली त्याच्याविषयी चारचौघांत खरे चांगले बोलण्याची सवय लावून घ्यावी.

याच्या अगदी उलट टोकाला असलेल्यांविषयीही दोन शब्द. क्षमा झालेली पापे पुन्हापुन्हा उकरून काढणारे, कबुली दिल्यावरही ती पूर्ण झाली की नाही या शंकेने झोप उडालेले लोक मंडळीत असतात. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन लूथर यालाही मठात असताना हा जाच झाला होता. अशांना अधिक आत्मपरीक्षण सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. त्यांना धीर देणारा पाळक आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि त्याकडे जाणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे.

शेवटी पाळकवर्गाला एक विनंती करावीशी वाटते. प्रत्येकाने आत्मपरीक्षा करून मगच भाकर खावी व प्याल्यातून प्यावे, असे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, आणि प्रभुभोजनापूर्वी ते वचन वाचलेही जाते. परंतु वाचन आणि पुढचे गीत यांच्यामध्ये अनेकदा श्वास घेण्याइतकीही उसंत नसते. तिथे पाच मिनिटांची पूर्ण शांतता ठेवावी, तिचा हेतू आधी समजावून सांगावा, आणि ज्यांना कोणाशी समेट करायचा आहे त्यांनी त्या वेळी जागेवरून उठून जायला संकोचू नये, असे मंडळीला मोकळेपणाने सांगावे.

आपला विश्वासू,
एक वाचक